उत्तरेकडची ऑर्डर

वनेटा पेटवे रोज सकाळी काळा सूट चढवी, सेंट टाळी, बुटाच्या टाचा वाजत नाहीत ना ते पाही आणि आरशासमोर चेहऱ्यावरचं हसू थोडं कमी करी. शवपेट्या विकणाऱ्याने आनंदी दिसून चालत नाही. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेकडची कृष्णवर्णीयांची बहुतेक अंत्यविधीगृहं तिनेच कंपनीला जोडून दिली होती. विक्रीत तिच्या पुढे कोणी नव्हतं.

त्या सोमवारी ती थेट ग्रेगसाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"विभागप्रमुखाच्या जागेसाठी मी अर्ज केलाय, सर."

"वनेटा, तू हिरा आहेस. पण उत्तरेकडची गोरी मंडळी जुन्या वळणाची. त्यांच्याशी तिकडे विक्री करणाऱ्या आपल्या टकरचं जमतं. तुझी माणसं तुला आहेतच की!"

"टकरने उत्तरेतल्या हॉलिसच्या अंत्यविधीगृहातून एक तरी ऑर्डर आणलीय?"

टकर दारातच कॉफी पीत उभा होता. "बाई गं, तो म्हातारा स्वतःसाठीसुद्धा आपली पेटी घ्यायचा नाही!"

"तू आण," ग्रेग डोळा मिचकावत म्हणाला, "जागा तुझी."

दोघंही हसले. वनेटाही हसली, आणि गाडी काढून उत्तरेला निघाली.

हॉलिसने स्वतः दार उघडून तिला आत घेतलं. तिचा काळा सूट पाहताच त्या गोऱ्या म्हाताऱ्याचा आवाज मऊ झाला.

"देव तुम्हाला बळ देवो, बाई. कोण गेलं?"

"कोणी नाही..."

"आधी असंच वाटतं. पण तुम्ही वाट चुकलात. तुमच्या लोकांचं अंत्यविधीगृह रेल्वेरुळांपलीकडे, मोझलीचं. देवमाणूस आहे. मी फोन करून सांगतो त्याला."

त्याने घडीचा रुमाल पुढे केला. तो खरोखरच कळवळला होता. तेच तिला सर्वांत जड गेलं.

"माझ्या घरी सगळे ठणठणीत आहेत, मिस्टर हॉलिस. मी पेट्या विकते. मोझलीही माझ्याकडूनच घेतात."

हॉलिसचे कान लाल झाले. रुमाल हातातच राहिला.

"आमच्याकडे तो... टकर येतो," तो पुटपुटला आणि दार सताड उघडून, दाराच्या मुठीवर हात ठेवून बाजूला झाला. तिला जाता यावं म्हणून.

बाहेर तिची गाडी उन्हात उभी होती. वनेटाने क्षणभर तिकडे पाहिलं. मग त्याच्या हातातून मूठ अलगद सोडवून घेतली, दार आतून लावलं आणि भिंतीजवळची एक खुर्ची त्याच्यासाठी पुढे ओढली.

"बसा ना," ती म्हणाली. "मला घाई नाही."