ठिपका

पत्र तिसऱ्यांदा वाचून वेधशाळेचे प्रमुख उठले आणि जिना उतरून मोजणीच्या खोलीकडे निघाले. शिपायाला धाडून बाईंना वर बोलावता आलं असतं. आज तेवढं तोंड त्यांना उरलं नव्हतं.

बाई खिडकीपाशी भिंगाला डोळा लावून बसल्या होत्या. समोर उजेडाच्या पेटीवर तारकागुच्छाच्या फोटोची काच. अशा काचेवर निगेटिव्हसारखे तारे काळे उमटतात. मधोमध मुंगीला शिरायला जागा नाही असे दाटलेले, कडेला विरळ होत गेलेले. गेली वीस वर्षं बाई तेच मोजत होत्या.

अकरा वर्षांपूर्वी याच गुच्छातला एक ठिपका त्यांनी दाखवला होता. एका काचेवर होता, दुसरीवर नव्हता. "या ताऱ्याचा उजेड कमीजास्त होतोय, सर," त्या म्हणाल्या होत्या. प्रमुखांनी साऱ्या कचेरीदेखत तो नखाने खरवडला होता. "दिसेल त्या डागाला तारा म्हणू नका, बाई. चष्मा बदला." कचेरी खो खो हसली. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं ठिपकेबाई.

प्रमुखांनी पत्र पेटीच्या कडेला ठेवलं. "तुमचा तारा सापडला. दुसऱ्या वेधशाळेला. तुम्ही म्हणाला होतात, अगदी तिथेच."

बाईंनी पत्र वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"चूक माझी होती," प्रमुख म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "सगळ्यांसमोर बोललो होतो. सगळ्यांसमोरच माफी मागेन."

"राहू द्या, सर. हसणारे निम्मे रिटायर झाले."

प्रमुखांना जरा हायसं वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं. "त्यानंतर कधी असे आणखी दिसले का हो?"

"दिसले की."

"मग वहीत कसे नाहीत?"

"खात्री वाटली नाही की सोडून द्यायची," बाई सहज म्हणाल्या. "म्हटलं, डाग असेल."

प्रमुखांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. काचेकडे बघवेना, बाईंकडे तर नाहीच. त्यांनी विचारलं, "किती सोडले असतील?"

बाईंनी भिंगाला डोळा लावला.

"तुम्ही तारे मोजायला सांगितले होते, सर. सोडलेले नाही."