उजव्या हाताला

पर्यटकांचं जहाज सहा तास बंदरात थांबणार होतं. त्यावर भांडी घासणारा लेक वर्षभराने जमिनीवर उतरला. पण जहाज लागलं की गाइड बापाला रजा नाही, मग त्यातून पोटचा पोरगा का उतरेना! शेवटी लेकच बापाच्या टूर-बसमध्ये पुढच्या सीटवर बसला.

"बाबा, बस घरावरून घ्या ना. आईला खिडकीतून हात तरी करतो."

बाप सवयीने माइक तोंडाशी धरून, उजवीकडे हात दाखवत घरच्या भाषेत म्हणाला, "उजव्या हाताला तो पिवळा दवाखाना दिसतोय ना, तिथंच गेली रे आई तुझी, चार महिन्यांपूर्वी. भर समुद्रात तुला कळवून काय, पोहत येणार होतास?"



बसमधल्या चाळीस परदेशी पाहुण्यांनी शिस्तीत उजवीकडे माना वळवल्या आणि भराभर फोटो काढले.