मालकांची बदली

नव्या कंप्युटरात गेल्यापासून मालक भलतेच गोड बोलायला लागले, ही अक्काताईंची तक्रार होती. मरून चार वर्षं झाली तरी त्यांचे यजमान चौगुले ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या जुन्या कंप्युटरातून गाड्या सोडत, ड्रायव्हरांना शिव्या घालत आणि रोज दुपारी बायकोला विचारत, “जेवलीस का गं?” काल मुलानं, धैर्यशीलनं, त्यांना नव्यात हलवलं. आज दुपार टळली तरी नव्यानं काही विचारलं नव्हतं.

“डेटा सगळा आलाय, आई. तेच ते वाक्य हजारदा होतं, म्हणून नव्यानं एकदाच ठेवलंय.”

“मग तूही एकदाच जेव आणि बस जन्मभर!”

तेवढ्यात कोपऱ्यातून, पोत्याखालून, ओळखीचा खरखरीत आवाज आला. “धैर्या, अंधार का केलास रे? माझ्या आवाजात कोण बोलतंय?”

धैर्यशीलच्या आत्ता लक्षात आलं. जुना कंप्युटर बंद करायचा राहिला होता. वडील हललेच नव्हते. त्यांची नुसती नक्कल झाली होती.

“पुसून टाक ते, बाळ,” नवा मधाळपणे म्हणाला. “मी आहे ना इथं.”

पोत्याखालचा आवाज गप्प झाला. मालक उभ्या जन्मात असे कधी गप्प बसले नव्हते.

धैर्यशीलचा हात बटणाकडे गेला, तो अक्काताईंनी धरला. नवऱ्याला कधी ‘अहो’ सोडून हाक न मारलेली ती बाई नव्या कंप्युटरकडे वळून म्हणाली, “आवाज घेतलास, तो ठेव. गाड्या सोडायला राहा तू इथं. मालकांना मी घरी नेते.”