भिंतीपाशी मंदावणारी गाडी

"यासीनकाका, पिटच्या भिंतीपाशी गाडी आपसूक मंदावते. तेवढं काढून टाका," शर्यतीच्या बाईकवरून उतरून नवी रायडर मृणाल हेल्मेट काढत म्हणाली.

यासीन मिस्त्रींना कारण ठाऊक होतं. गाडीचा संगणकी मेंदू नऊ वर्षं एकट्या विलासकडून, आधीच्या रायडरकडून, शिकला होता. ट्रॅकलगतच्या त्या भिंतीवर बसलेल्या आईला, हौसाक्काला, तो दर फेरीला हात करायचा आणि तेवढ्यापुरती गाडी वेग कमी करून स्वतःला सावरून घ्यायची. विलास जाऊन वर्ष झालं, तरी हौसाक्का सरावाला यायची. गाडी मंदावली की हात वर करायची.

मिस्त्रींनी जड मनानं ती सवय पुसली.

पुढच्या फेरीला गाडी भिंतीपुढून सुसाट निघून गेली. हौसाक्काचा हात तसाच वर राहिला.

"मिस्त्री," तिनं विचारलं, "आज गाडीवर दुसरं कोण बसलंय का?"