ओसरीची बिदागी

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे देवस्थानचे विश्वस्त केरबाअण्णा मला हार घालायला पुढे आले. मी कीर्तनाच्या गादीवर उभी होते, पण मान वाकवली नाही. हार पडल्याशिवाय उत्तररंग सुरू होत नसतो.

अकरा वर्षांपूर्वी या देवळाच्या ओसरीत चालणारी माझी बालवाडी अण्णांनीच बंद केली. "नुसती गाणी न् टाळ्या! पोरं पहिलीत गेली की शिकतील आपोआप."

"थांबा अण्णा," मी सर्वांसमोर म्हणाले, "माझ्या शेवटच्या वर्गातली चौदाही मुलं यंदा दहावी पास झाली. त्यांच्या मागची, आपोआप शिकणारी, निम्मी सातवीतच शाळा सोडून बसली. तुमचा नातू काय करतो?"

"म्हशी राखतो!" बायकांतून कोणीतरी ओरडलं. मंडप हसला.

मला दया यायला हवी होती. विठ्ठलाशपथ, आली नाही.

"बिदागी नको, ओसरी हवी. आधी 'दिली' म्हणा."

अण्णांनी हार खाली घेतला, मंडपाकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला. पेटीवाल्यानं सूर लावूनच ठेवला होता.

"दिली," ते पुटपुटले.

"मागे बसलेल्या आयांना ऐकू गेलं नाही, अण्णा."