लॉकलनची कालवड

"ही नको. मागून अरुंद आहे," मॉरवन म्हणाली आणि तिनं कालवडीला उजव्या फाटकाकडे वळवलं.

डूगल कठड्याला टेकून सुनेचं काम बघत होता. मे महिना लागला होता तरी डोंगरावरून गार धुकं उतरत होतं आणि कोंडवाड्यातल्या कालवडींच्या पाठींवरून वाफ निघत होती. डाव्या फाटकातून गेलेली कालवड घरी राहायची. तिला काळ्या अँगस जातीचा वळू दाखवायचा होता. उजव्या फाटकातून गेलेली सोमवारी बाजारात जायची.

"एवढं पारखून नवरा बघितला असतास, तर आमच्या घरात आलीच नसतीस," डूगल म्हणाला.

"नवऱ्याचे खूर कोण बघतं, बाबा?"

डूगलचे ओठ किंचित हलले. मुलगा, लॉकलन, गेल्यापासून तो एवढंच हसायचा.

लॉकलन असताना सिमेंटल जातीच्या कालवडींना सिमेंटलच वळू असायचा. वासरं थोराड व्हायची, बघणारे थांबून बघायचे. यंदा मॉरवननं पहिल्यांदाच अँगस आणला. चांगल्या जातिवंत गाई काळ्या करतेय, असं शेजारीपाजारी बोलले. तिनं कानाआड केलं. अँगसचं वासरू अंगानं लहान असतं. पहिलटकरीणसुद्धा आपली आपण मोकळी होते. दोरी लावून वासरू ओढायला माणसाला तिच्याजवळ जावं लागत नाही. मॉरवनला तेवढंच हवं होतं.

पुढची कालवड आपणहून आत आली. तांबूस अंग, पांढरं तोंड. पाठ सरळ, कंबर रुंद, पाय खणखणीत. सगळ्या कळपात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. ती थेट मॉरवनपाशी आली आणि तिची बाही चाटायला लागली.



गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये हिची आई खालच्या कुरणात अडली होती. लॉकलननं एकट्यानं वासरू ओढून काढलं. ते श्वास घेत नव्हतं. तो गुडघ्यावर बसला आणि काडीनं त्याच्या नाकातला चिकटा काढायला लागला. गाय मागून त्याच्या अंगावर आली. मॉरवन पोचली तेव्हा वासरू धडपडत उभं राहिलं होतं आणि लॉकलन उठत नव्हता. गाईला त्याच दिवशी गोळी घातली. वासराला मॉरवननं बाटलीनं दूध पाजून वाढवलं. का, ते तिला कुणी विचारलं नाही.

"हिला बाजारात," डूगल म्हणाला.

"हिच्यात खोड काय आहे, सांगा."

"तुला माहीत आहे."

"ही कोकरासारखी आहे, बाबा. लहान पोरगंही हिच्या अंगावर लोळेल."

"हिची आईपण अशीच होती. वेत होईपर्यंत."

मॉरवननं कालवडीच्या मानेवर हात ठेवला. खरं होतं ते. वासरू जमिनीवर पडलं की काही गाईंच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी येतं, आणि ते आईकडून लेकीत उतरतं. हे तिला लॉकलननंच शिकवलं होतं.

"त्याच्या हातचं शेवटचं काम आहे हे," ती म्हणाली. "हिनं पहिला श्वास घेतला तो त्याच्या हातात. मी ही कशी विकू?"

डूगलनं कालवडीकडे बघितलं. कालवड त्याच्याही जवळ गेली. त्यानं तिला हाकललं नाही.

"मग ठेव," तो म्हणाला. "पण व्यायला झाली की आत मी जाणार. मी एकटा. तू कुंपणाच्या बाहेर थांबायचं."

"तुम्ही? तुम्हाला धड चालवत नाही. ती अंगावर आली तर पळणार कसे?"

"पळायचंय कुणाला?"

पाऊस येईलसं दिसतंय, असं सांगावं तशा आवाजात तो बोलला.

मॉरवन त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस रोज सकाळी तिच्या आधी गोठ्यात असायचा. सगळ्यांत मारक्या गाईचं काम मागून घ्यायचा. हिवाळ्यात वळूच्या कोंडवाड्यात तो पाठ करून उभा असलेला तिला दिसला होता. तेव्हा ती त्याच्यावर ओरडली होती, म्हातारे झालात, लक्ष राहत नाही म्हणून. आता तिला त्याची सैल झालेली कॉलर दिसली. अर्धवट राहिलेली दाढी दिसली. त्याचं लक्ष कधीच चुकलेलं नव्हतं.

तिनं उजवं फाटक उघडलं.

"चल," ती कालवडीला म्हणाली.

कालवड हलली नाही. मॉरवननं तिला खांद्यानं ढकललं. खेळ समजून कालवडीनं डोकं तिच्या पोटावर घासलं. मॉरवननं भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि तिला मारलं. कालवड चकित होऊन नुसती बघत राहिली. मॉरवननं पुन्हा मारलं, जोरात. मग ती गेली.

"कशाला गं?" डूगलचा आवाज चिरकला. "मी म्हटलं होतं ना, मी जाईन."

"म्हणूनच." तिनं कडी घातली. "त्या कठड्यापासून मागे या, बाबा."

तो थोडा वेळ जागचा हलला नाही. मग आला.