उघाडीजवळचा खांब

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा, गोष्ट छोटीच आहे.

उपग्रहाच्या नकाशावर बामीबाई ठाकूरचं घर सलग तिसऱ्या वर्षी समुद्रात बुडालं, आणि तिला हलवायला सरकारी साहेब नोटीस आणि होडी घेऊन आला. रस्ता कोरडा, म्हणून होडी ट्रॅक्टरवर.

"आजी, तुमच्या घरात दोन फूट पाणी आहे. निघा."

"मग तुझे बूट कोरडे कसे रे?" बामीबाई कावली. "मीठ पिकवायला आम्ही खाडीचं पाणी घराभोवतीच्या मिठागरात घेतो, नेमका त्याच दिवशी तुमचा फोटो! किती वेळा सांगू?"

"सांगून नाही चालत. पुरावा लागतो."

तिने त्याला दंडाला धरून बांधावर नेलं. पाणी आत घ्यायच्या दारापाशी, उघाडीजवळ, खांब होता. तिचा नवरा हाशा चाळीस वर्षं मोठ्या उधाणाला त्यावर खूण कोरायचा. बांध शेवटच्या खुणेहूनही हातभर उंच होता, म्हणजे समुद्र कधी आत आलाच नव्हता. साहेबाने नोटीस फाडली.

मग त्याची नजर पहिल्या खुणेवर गेली. शेवटची तिच्याहून वीतभर वर होती.

"म्हणजे समुद्र चढतोय..."

"तेच तर हाशा मरेपर्यंत सांगत होता! आता ह्याचा काढ फोटो."

देवापुढे हात जोडाल, तेव्हा हाशालाही आठवा, बाबांनो.